पेढ्याशिवाय नाव निघत नाही

आमच्या समाजाच्या लग्नाळू मुलामुलींची वही तीस वर्षं माझ्याकडे होती. मी चौथी शिकलेला माणूस. पण धाडपासून तिकडे धामणगाव बढ्यापर्यंत आणि खाली लोणारच्या अंगाला सुलतानपुरापर्यंत, पोरगी द्यायची असो की करायची असो, माणूस आधी माझ्या ओट्यावर यायचा. वही उघडायची ती मी, पान उलटायचं ते मी. एका मास्तराने एकदा स्वतःच्या हाताने पान उलटलं. मी वही मिटली, त्याला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. त्याच्या मुलाचं लग्न पुढे तीन वर्षं जमलं नाही. त्यात माझा हात होता असं लोक म्हणतात. होता.

वहीचा कायदा सोपा होता. यायचं, बसायचं, खरं सांगायचं. नाव, गाव, शिक्षण, उंची, शेती, मामाचं गाव आणि शेवटी शेरा. शेरा मी लिहायचो. घरच्यांना त्यात बोलायची मुभा नव्हती. ‘बाप पितो.’ ‘डावा डोळा बारीक.’ ‘पोरगी गोरी, पण पुढचा दात खोटा.’ लोकांना राग यायचा. पण माझ्या वहीतून जमलेल्या लग्नानंतर ‘आम्हाला फसवलं’ म्हणत कोणी परत आलं नाही, कारण फसवायला मी काही शिल्लकच ठेवत नव्हतो.

नाव निघायचं ते दोनच कारणांनी. माणूस मेला तर काळी रेघ. लग्न ठरलं तर घरचे पेढे घेऊन यायचे, मी त्यातला एक खायचो आणि हळदीचं बोट त्या नावावरून ओढायचो. पेढे नाहीत तर हळद नाही. एकाने परस्पर लग्न उरकलं आणि मला विसरला. मी त्याचं नाव तसंच ठेवलं. दोन लेकरं झाली तरी त्याच्या दारात स्थळं येत राहिली. शेवटी बायकोच त्याला घेऊन आली, किलोभर पेढे घेऊन. मी दोघांसमोर एक खाल्ला, बोट ओढलं, आणि पोरांची नावं विचारली.

माझ्या लेकीचं नाव या वहीत दोनदा आलं. पहिल्यांदा आलं तेव्हा चार महिन्यांत हळद लागली. लग्न मीच जमवलं होतं, मुलाच्या नावापुढे शेरा कोरा होता. कोरा शेरा माझ्या वहीत फार थोड्यांना मिळाला. चौदा महिन्यांनी ती एकटी एसटीने परत आली. सकाळची वेळ होती, मी ओट्यावर दाढी करत होतो. तिने पेटी खाली ठेवली आणि उजव्या बाजूने मी काही विचारलं ते तिला कळलंच नाही. मान फिरवून डावा कान माझ्याकडे केला.

काय झालं ते मी विचारलं नाही. मला दिसत होतं. सोडचिठ्ठी झाली आणि वर्षाच्या आत मी तिचं नाव पुन्हा लिहिलं. तिला विचारलं नव्हतं. शेऱ्यात लिहिलं, ‘पहिल्या घरी नांदली नाही. उजव्या कानाने कमी ऐकते.’ ती मागे उभी राहून वाचत होती.

“बाबा, जातानी मले दोनी कानानं ऐकू येत होतं. तेही लिहा.”

“शेऱ्याले जागा एवढीच असते,” मी म्हणालो.

ती पुढे नर्सिंग शिकली, दुसऱ्या तालुक्यात एका दवाखान्यात नोकरीला लागली. खोली करून राहू लागली. रविवारी यायची, माझे कपडे धुवायची, भाकरी टाकायची आणि संध्याकाळच्या गाडीने जायची. दर दोन-तीन महिन्यांनी वहीतून तिचं स्थळ कोणी ना कोणी विचारायचं. कोणाची बायको मेलेली, कोणाची पळून गेलेली. मी नंबर द्यायचो. ती नाही म्हणायची. मी पुढच्याला द्यायचो.

मग समाजाच्या समितीने ठराव केला की वही आता वेबसाइटवर यावी. मी पहिल्या बैठकीतून उठून आलो. दुसऱ्या बैठकीत ते म्हणाले, नाव तुमचंच राहील, संकलक म्हणून सगळ्यात वर. आणि काम माझी नातच करणार होती, माझ्या मुलाची मुलगी, ती बुलढाण्याला कॉम्प्युटर शिकत होती. मग मी हो म्हणालो. परक्याने केलं असतं तर वही मी विहिरीत टाकली असती, पण दिली नसती.

नातीने ते काम ओट्यावर माझ्याशेजारी बसून केलं. मला वाटलं होतं इंग्रजीत काही लांबलचक लिहावं लागत असेल. तसं नव्हतं. पडद्यावर चौकटी असायच्या. चौकट ओढून आणायची, दुसरीला बाणाने जोडायची. बटण दाबलं की पहिली चौकट, तिथून दुसरी, तिथून तिसरी. मी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणालो, “हे तं ठिबकचं काम हाये. मेन लाइन, त्यावर कॉक. जो कॉक उघडा त्या सरीत पाणी.”

“अगदी तसंच, आबा.”

“मंग यात शिकायचं काय असते चार वर्षं?”

ती हसली. तिला माझी सवय होती.

नाव काढायचं बटण तिने पहिल्यांदा केलं तेव्हा खऱ्या नावांवर केलं नाही. आधी खोटी यादी बनवली. वर: वांगे, राहणार चुलीवर. वधू: मेथी, उंची एक वीत. वीस-बावीस भाज्यांची लग्नं लावायला बसली होती. मी म्हणालो, माझ्या वहीची थट्टा करून राह्यली काय वं. ती म्हणाली, थांबा. एकट्या भोपळ्याचं नाव काढायला तिने बटण दाबलं आणि पडदा पांढरा झाला. सगळ्या भाज्या गेल्या.

“काय केलं वो माय?”

“कोणतं नाव काढायचं ते सांगायची चौकट कोरी राहिली, आबा. मग यानं सगळेच काढले.”

“म्हंजे कोणता कॉक ते सांगतलंच नाही, तं सगळ्या वावरात पाणी.”

“हाव. म्हणून तर भाज्यांवर करून पाह्यलं.”

मग तिने ते नीट केलं. नाव काढायच्या बटणापुढे एकामागे एक चौकटी लावल्या आणि मला समजावून सांगितल्या. पहिली, प्रत्येक नोंदीला एक नंबर, तो नंबर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसरी, ज्याने नोंद भरली तोच काढतोय ना, हे पाहायचं. त्यासाठी भरणाऱ्याच्या मोबाइलवर सहा आकडे येतात, ते टाकावे लागतात. तिसरी, ‘खरंच काढायचं का?’ असं विचारायचं.

“हे काऊन? माह्या घरात मले कोणी दोनदा विचारत नाही.”

“बोट चुकून लागते, आबा.”

“माहं बोट चुकत नाही.”

ती चौकट तिने माझं न ऐकता ठेवली. चौथी चौकट सगळ्यात महत्त्वाची, असं तिचं म्हणणं. नाव पुसायचंच नाही. नुसती खूण करायची की हे काढलेलं आहे, कोणी काढलं, कधी काढलं. मग साइटवर ते कोणाला दिसत नाही, पण आत एका यादीत राहतं. चूक झाली तर परत आणता येतं. कायमचं पुसायचं बटण वेगळं, तेही भरणाऱ्याच्याच हातात.

हे मला पटलं. हळदीच्या बोटाखालचं नाव मलाही वाचता यायचंच. पण मी म्हणालो, एक चौकट कमी आहे. पेढे मिळाले का? मी हो म्हटल्याशिवाय बाण पुढे जायला नको. ती आधी हसली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिने ती चौकट बसवली. ‘पेढे मिळाले’ असं लिहून त्यापुढे एक रिकामा चौकोन. त्यावर टिक मी करणार. मयताला सूट दिली.

वहीतली सगळी नावं तिने पंधरा दिवसांत भरली, माझ्या मोबाइल नंबरवर. शेरे जसेच्या तसे. आपल्या आत्याचं पान आलं तेव्हा ती थांबली.

“आबा, कानाचं राहू द्यायचं का?”

“लिहिलं हाये ना?”

“हाव.”

“मंग?”

तिने भरलं. फोटो लग्नातलाच होता, नवऱ्याचा भाग कापलेला. खांद्यावर त्याची चार बोटं राहिली होती. ती कापायला गेलं तर खांदा जात होता.

वहीत असताना नाव माझ्या हातून जायचं. साइटवर आल्यावर ते कोणाच्याही हाती लागलं. पहिल्याच महिन्यात माझ्या लेकीला इतके फोन आले की तिने ड्यूटीवर फोन बंद ठेवायला सुरुवात केली. रविवारी ती आली. कपडे भिजत घातले नाहीत. पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला, धाडच्या बाजारातला, वर दोरा बांधलेला.

“ठरलं?” मी विचारलं. मला खरंच वाटलं.

“ठरलं.”

“कोणाशी?”

“कोणाशी नाही. एकटीनं राहायचं, हे ठरलं. घ्या, खा. अन् माहं नाव काढा.”

नात दारात उभी होती. मुलगा आणि सून वावरात गेले होते.

“असे पेढे नसतात,” मी म्हणालो.

“काऊन? खव्याचेच हायेत.”

“पेढे लग्नाचे असतात.”

“बाबा, म्या काही मागत नाही तुमच्यापासून. ना खर्च, ना वावर. एक नाव काढा. लोक फोनवर विचारतात, कोणता कान, म्हणतात. त्या कानात बोलून पाहू काय, म्हणतात. हसतात.”

मी पुडा उचलला, दोरा तोडला, गोठ्यात गेलो आणि सगळे पेढे म्हशीच्या गव्हाणीत टाकले. म्हैस आधी हुंगत राहिली. मग खाल्ले. लेक दारातून पाहत होती. मी परत येऊन हात धुतले आणि म्हणालो, “म्हशीचं ठरलं म्हणून लिहितो.”

आता हे लिहिताना ते मला फार बरं वाटतं असं नाही. पण त्या वेळी वाटलं होतं.

ती गेल्यावर नात माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, “आबा, आत्याचं नाव काढू द्या. पुसायचं नाही. नुसती खूण करू. साइटवर दिसणार नाही, आत राहीन. उद्या तिचं मन बदललं तं एका बटणात परत.”

“आत कोणाले दिसते?”

“फक्त तुमाले.”

मी विचार केला. मग पेढ्यांच्या चौकोनात टिक केली, मोबाइलवर आलेले सहा आकडे वाचून दाखवले. तिसऱ्या चौकटीने विचारलं, ‘खरंच काढायचं का?’ मी हो दाबलं. नातीने लगेच आत्याला फोन लावला आणि म्हणाली, आबांनी काढलं. मी फोन घेतला.

“काढलं,” मी म्हणालो.

मग ती म्हणाली, “येत्या रविवारी पुरणाचं करते.”

तिने केलं. मी दोन पोळ्या खाल्ल्या. तिने माझं धोतर धुतलं, म्हशीला पाणी दाखवलं, नातीची वेणी घातली. जाताना पहिल्यांदा तिने उजवा कान माझ्याकडे असतानाच विचारलं, औषध संपलं का. मी उत्तर दिलं ते तिला ऐकू आलं नसावं, पण ती हसली.

तसे तीन रविवार गेले.

आतली यादी माझ्या मोबाइलवर उघडायची. रिकाम्या वेळी मी ती पाहायचो. त्यात मेलेले होते, लग्न झालेले होते आणि माझी लेक होती. चौथ्या आठवड्यात धामणगाव बढ्याहून एका माणसाचा फोन आला. मुलगा पंचेचाळीसचा, बायको वारलेली, पक्कं घर, विहीर बागायत. म्हणाला, दुसरेपणाची एखादी नोकरीवाली आहे का, साइटवर तर दिसत नाही. मी आतली यादी उघडली आणि लेकीचा नंबर वाचून दाखवला. दवाखानाही सांगितला. फोन उचलत नाही म्हणून सांगितलं, प्रत्यक्षच जा.

ते मंगळवारी गेले. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. मी तिथे नव्हतो. लेकीने पुढे जे सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. ती इंजेक्शनच्या टेबलाशी होती, समोर रांग होती. ते तिघे पेशंटच्या बाकावर बसले, हातात नारळ आणि ब्लाउजपीस. तिला वाटलं म्हातारीला काही होतंय. तिने पुढे बोलावलं. म्हातारीने सगळ्या रांगेसमोर विचारलं, “पहिल्या घरी काऊन नांदली नाही वं बाई?” मग मामा तिच्या उजव्या बाजूला जाऊन हळू आवाजात काही बोलला आणि इतरांकडे पाहून म्हणाला, “खरंच नाही ऐकू येत.” रांगेतले काही हसले. तिने हातातली सुई टाकून दिली, नवी घेतली आणि पुढच्या पेशंटला इंजेक्शन दिलं. मग विचारलं, माझा पत्ता कोणी दिला.

“तुह्या बापानं. साइटवरूनच वाचून देला, फोनवर.”

ती त्याच दिवशी दुपारच्या गाडीने आली. पांढरे कपडे तसेच. मला वाटलं ओरडेल. माझी तयारी होती. ती माझ्याकडे न पाहता नातीपाशी गेली.

“तू तं म्हणत होती, निघालं.”

नात रडायला लागली. लॅपटॉप उघडून तिने सगळं दाखवलं. खूण, तारीख, आतली यादी. लेकीने खांद्यावरच्या चार बोटांचा फोटो पाहिला, शेरा वाचला.

“हे खरंखुरं पुसता येते काय?”

“येते, आत्या. पण सहा आकडे भरणाऱ्याच्याच मोबाइलवर येतात. नंबर आबांचा हाये.”

“तू केलं ना हे? तुले येत नसन काय?”

“म्याच असं बांधलं की मलेही येऊ नये. कोणी कोणाचं नाव परस्पर काढू नये म्हणून. आता मधी शिरून काढलं तं उद्या सगळ्यांच्याच नावाचं काही खरं नाही.” तिने ओढणीने नाक पुसलं. “नाव आत्या, ज्याचं त्याच्या हातात द्यायले पाहिजे होतं. माह्या ध्यानातच नाही आलं.”

लेक माझ्यापुढे येऊन उभी राहिली. नातीने पुसायचं बटण दाबून ठेवलं होतं. माझ्या बंडीच्या खिशात मोबाइल वाजला. सहा आकडे आले.

“बाबा, सांगा आकडे.”

मी खिशावर हात ठेवला. ते आकडे पाच मिनिटं चालतात, हे मला ठाऊक होतं. तिलाही नातीने सांगितलं असावं, कारण ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागली. मला उठून जाता आलं असतं. मी बसलो. तीही बसली. म्हशीने एकदा दावं ओढलं. नातीने एकदा “आबा” म्हटलं.

मी काय विचार करत होतो ते लिहितो. एकदा एकीचं असं पुसलं तर उद्या कोणीही येईल. वही माझी होती. नाव मी लिहिलं, शेरा मी लिहिला, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खरं लिहिलेलं बापाने पुसावं असं काय घडलं होतं? आणि दुसरं, हिच्या पहिल्या नवऱ्याच्या नावापुढचा शेरा मी कोरा ठेवला होता. हिचं पान पुसलं असतं तर त्या कोऱ्या शेऱ्याचं काय करायचं, हे मला सुचत नव्हतं.

पाच मिनिटं झाली. नात म्हणाली, “गेला कोड. पुन्हा पाठवू?”

“नको,” लेक म्हणाली. “राहू दे. माहं नाव ठेवू दे त्यायच्यापाशी.”

तिने माठातलं पाणी प्यायलं, पेला धुवून पालथा घातला. पाचची गाडी होती, ती चारलाच फाट्यावर जाऊन उभी राहिली. मी ओट्यावरून पाहत होतो. उजव्या बाजूने जीप हॉर्न वाजवत आली, तिला कळली नाही. ड्रायव्हरने शिवी दिली असावी. ती बाजूला झाली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. महिन्याभराने कळलं की तिने बदली मागून घेतली. कुठे, ते माझ्या मुलाला माहीत आहे, सुनेला माहीत आहे, नातीला तर नक्कीच आहे. ती त्यांच्याशी बोलते. मी ओट्यावर असलो की ते फोन घेऊन मागे गोठ्याकडे जातात. मी कोणाला विचारलं नाही आणि विचारणार नाही. कपडे आता सून धुते. ती नीळ जास्त घालते.

स्थळं अजून येतात. आतल्या यादीतून मी नंबर देतो. लोक परत फोन करून सांगतात, लागत नाही. मी म्हणतो, करत राहा, लागन.

एकदा मी स्वतः लावून पाहिला, नोंद बरोबर आहे का ते तपासायला. एक बाई बोलली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मी चष्मा लावून पडद्यावरचे आकडे आणि वहीतले आकडे जुळवून पाहिले. दहाही बरोबर होते.

परवा नात सुटीला आली होती. साइटमध्ये तिने बदल केला आहे. आता ज्याचं नाव त्याच्याच मोबाइलवर आकडे येतात, भरणाऱ्याच्या नाही. समितीने मंजूर केलं, मला विचारलं नाही. पण जुन्या नोंदी तशाच माझ्याकडे आहेत, त्या मी सोडल्याशिवाय सुटत नाहीत. ती माझ्याशेजारी बसली, आतली यादी उघडली आणि आत्याच्या नावावर बोट ठेवलं.

“आबा, आता तरी पुसू द्या. तिचा नंबरही राह्यला नाही तो.”

“पेढे आले काय?” मी विचारलं.

तिने लॅपटॉप मिटला आणि आत निघून गेली.